बीपीची गोळी आणि न थांबणारी ढास: खोकला गोळीचाच आहे का हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

आईचा खोकला गणपतीच्या आधी सुरू झाला आणि संक्रांत आली तरी थांबला नव्हता. साधा खोकला नव्हे, ढास. बोलता बोलता घशात काहीतरी खवखवायचं आणि एकदा उबळ आली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकायची, कफ मात्र जराही नाही. अंथरुणाला पाठ टेकली की आणखी जास्त. या पाच महिन्यांत ॲन्टिबायोटिकचे दोन कोर्स झाले, खोकल्याच्या औषधाच्या चार-पाच बाटल्या झाल्या, ॲलर्जीची गोळी झाली, छातीचा एक्स-रे झाला (स्वच्छ आला), वाफारा, काढा, हळदीचं दूध सगळं झालं, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या काकूंपासून मेडिकलवाल्या दादापर्यंत सगळे म्हणायचे हवामान बदललंय, आता सगळीकडेच चालू आहे.

उलगडा झाला तो भलत्याच ठिकाणी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं खोकताना पाहिलं आणि म्हणाले, "आजी, टेबलावर एवढ्या खोकलात तर डोळ्याला धोका आहे, बीपीची गोळी कुठली घेता तेवढी दाखवा बघू." मी पिशवीतली स्ट्रिप काढून दिली. त्यांनी नाव वाचलं आणि लगेच म्हणाले, आधी ही गोळी बदलून घ्या, मग ऑपरेशनचं बघू.

गोळी होती एनालाप्रिल. आषाढीच्या सुमारास सुरू केलेली. खोकला त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी आला म्हणून आमच्यापैकी कुणालाच दोन्हीचा संबंध लागला नाही. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर या विषयावर जेवढं वाचता आलं, विचारता आलं तेवढं सगळं केलं, आणि माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट डॉक्टरांच्या जगात चाळीस वर्षांपासून माहीत आहे, पुस्तकात छापलेली आहे, फक्त घरी गोळ्या घेणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. म्हणून एकेक पायरी करून सगळं इथे लिहितेय.

गोळीने खोकला येतोच कसा

हे समजून घेतलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात म्हणून आधी हेच.

आपल्या शरीरात एसीई नावाचं एक एन्झाइम असतं, त्याची दोन कामं. एक म्हणजे ॲन्जिओटेन्सिन-२ तयार करणं, ज्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी वाढतं. दुसरं काम म्हणजे ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकणं. प्रिल गटातल्या गोळ्या (ज्यांच्या औषधाच्या नावाचा शेवट प्रिल असा होतो, आईची एनालाप्रिल त्यातलीच) हे एन्झाइमच अडवतात, म्हणून रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, किडनीवरचा आणि हृदयावरचा ताण कमी होतो, हे सगळं चांगलंच. पण त्याच वेळी ब्रॅडिकायनिन मोडायचं कामही थांबतं आणि ते, आणि त्याच्यासारखेच आणखी एक-दोन पदार्थ, श्वासनलिकेत साठून राहतात. मग तिथल्या मज्जातंतूंची टोकं इतकी हुळहुळी होतात की गार हवा, फोडणीचा वास, उदबत्तीचा धूर, नुसतं जोरात बोलणं एवढ्यानेही ढास लागते. म्हणजे छातीत ना जंतू आहेत ना कफ. आहे फक्त एक चिडलेली नस. म्हणूनच ॲन्टिबायोटिकने काही होत नाही आणि कफ पातळ करणाऱ्या सिरपनेही काही होत नाही, पातळ करायला कफच नाहीये.

या गोळ्यांचा जन्मही मोठा विलक्षण आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे, त्याच्या विषावर काम करताना तिथल्या रोशा ए सिल्वा या शास्त्रज्ञाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९४९ मध्ये ब्रॅडिकायनिन सापडलं, मग सेर्जिओ फरेरा यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की या विषात असा काही घटक आहे ज्याने ब्रॅडिकायनिन जास्त वेळ टिकून राहतं, आणि त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल ही पहिली गोळी तयार झाली जिला अमेरिकेत १९८१ मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे बघा, ब्रॅडिकायनिन टिकवून धरणं हे या औषधाच्या मुळातच आहे, कंपनी बदलली किंवा महागातली घेतली म्हणून ते जाणार नाही.

पायरी १: स्ट्रिप हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा

मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव, त्याच्यावर जाऊ नका. त्याखाली किंवा स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते शोधा. चष्मा लावून दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, मी तेच करते. नावाचा शेवट बघायचा. इंग्रजीत शेवटची चार अक्षरं पी-आर-आय-एल असतील, म्हणजे प्रिल, तर तो हाच गट: एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, कॅप्टोप्रिल. आपल्याकडे एनव्हास म्हणजे एनालाप्रिल, कार्डेस म्हणजे रॅमिप्रिल, कव्हरसिल म्हणजे पेरिंडोप्रिल, ही नावं पुष्कळ घरांत दिसतात.

एकाच गोळीत दोन औषधं असली तर दोन्ही नावं वाचा, कारण ब्रँडच्या नावापुढे एच किंवा एएम अशी अक्षरं जोडून लघवी वाढवणारं किंवा अॅम्लोडिपिन मिसळलेली गोळी येते आणि माणूस म्हणतो माझी तर वेगळीच गोळी आहे, आत मात्र प्रिल असतेच.

आणखी एक, खूप जणांना प्रिल बीपीसाठी दिलेलीच नसते. ॲन्जिओप्लास्टी झालेल्या माणसाला, हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्याला, हृदयाचं पंपिंग कमी असलेल्याला, डायबिटिस असून लघवीतून प्रोटीन जाणाऱ्याला ही गोळी मुद्दाम देतात. त्यामुळे "मला बीपी नाहीच" असं म्हणून ही पायरी सोडू नका, घरातल्या प्रत्येक रोजच्या गोळीचं नाव वाचा.

आता बाकीच्या बीपीच्या गोळ्यांचं पटकन सांगते. शेवटी सार्टन असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन) तर खोकल्याचा संशय त्यावर फारसा जात नाही. शेवटी डिपिन असेल (अॅम्लोडिपिन) तर तिने पाय सुजतात हे नेहमीचं, खोकला थेट येत नाही पण काहींना ॲसिडिटी वर येण्याचा त्रास वाढतो आणि त्यातून घसा खवखवू शकतो. शेवटी लोल असेल (ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल) तर दम्याच्या माणसाला श्वासनळी आवळून धाप, छातीत शिट्टीसारखा आवाज आणि त्याबरोबर खोकला होऊ शकतो, तेही डॉक्टरांना सांगायलाच हवं पण ते वेगळं दुखणं. आणि हृदयाच्या पेशंटना सॅक्युबिट्रिल नावाची एक गोळी देतात, तिचं नाव ऐकायला प्रिलसारखं वाटतं पण ती त्या गटातली नाही. उलट ती आणि प्रिल एकत्र चालतच नाहीत, दोन्हींच्या मध्ये निदान ३६ तासांचं अंतर लागतं, म्हणून तिथे स्वतःच्या मनाने काहीही अदलाबदल करायची नाही.

पायरी २: तारखा जुळवा

आमचं चुकलं ते इथे. आपल्याला वाटतं औषधाचा त्रास व्हायचा तर पहिल्या दोन दिवसांत होईल. या खोकल्याचं तसं नाही. कुणाला पहिल्या गोळीनंतर काही तासांत येतो, बहुतेकांना काही आठवड्यांत, आणि कुणाला काही महिने गोळी छान सोसल्यावर मग सुरू होतो. म्हणून "मी तर सहा महिने घेतोय, इतके दिवस कुठे झालं" हे कारण चालत नाही.

एक कागद घ्या, त्यावर दोनच तारखा लिहायच्या, प्रिल कधी सुरू झाली आणि खोकला कधी सुरू झाला. गोळीची तारीख डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळेल, चिठ्ठी हरवली असेल तर मेडिकलचं बिल बघा, तेही नसेल तर घरात कुणीतरी चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतोच तो वर जाऊन शोधा. खोकल्याची तारीख आठवत नसेल तर सणावरून आठवा, आमच्या आईला तारीख सांगता आली नाही पण "गौरी बसवताना मी खोकत होते" हे मात्र पक्कं आठवत होतं. खोकला गोळीच्या आधीपासून असेल तर गोळीवर आळ घ्यायचं कारण कमी, खोकला नंतरचा असेल तर संशय पक्का होतो.

पायरी ३: खोकला कसा आहे ते नीट बघा

गोळीचा खोकला कोरडा असतो. घशाच्या खाली, मानेच्या खळगीपाशी कुणी पीस फिरवतंय अशी गुदगुली, आणि मग उबळ. रात्री आणि आडवं पडल्यावर जास्त. ताप नाही, सर्दी नाही, बेडका नाही. काहींचा आवाज बसतो, काहींना खोकून खोकून उलटी होते, बरगड्या दुखायला लागतात.

किती जणांना होतो तर साधारण १०० जणांत ५ ते २० जणांना, वेगवेगळ्या अभ्यासांत आकडा मागेपुढे होतो पण हा पट्टा सगळीकडे सांगितला जातो. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, सिगारेट न ओढणाऱ्यांना जास्त, चीन आणि त्या बाजूच्या देशांतल्या लोकांना आणखी जास्त. आणि डोस कमी करून हा खोकला सहसा जात नाही, ५ ची अडीच केली, सकाळची रात्री घेतली, काही उपयोग नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहायची आहे कारण ती कुणी बोलत नाही. सतत खोकल्याने बायकांना, खास करून पन्नाशी-साठीच्या बायकांना, खोकताना लघवी सुटते. आईचं हे होत होतं आणि तिने आम्हाला पाच महिने सांगितलं नाही. तिने भजनी मंडळात जाणं बंद केलं, आम्हाला वाटलं खोकल्यामुळे गाता येत नाही म्हणून, पण खरं कारण हे होतं, तास-दीड तास सगळ्यांमध्ये मांडी घालून बसायची तिला भीती वाटायची. घरातल्या बाईने खोकला लागल्यापासून बाहेर जाणं, लग्नकार्याला जाणं, एसटीने प्रवास करणं टाळायला सुरुवात केली असेल तर मुलीने किंवा सुनेने जवळ बसून हळूच विचारा. आणि डॉक्टरांना हे सांगा, कारण "थोडा खोकला आहे" आणि "खोकल्यामुळे लघवी सुटते, झोप नाही" यात फरक आहे, दुसरं ऐकलं की डॉक्टर वेगळा निर्णय घेतात.

पायरी ४: दुसरं काही नाही ना, हे आधी बघा

प्रिल चालू आहे म्हणून खोकला तिचाच, असं धरून बसणंही तितकंच धोक्याचं. आपल्या देशात टीबी आहे हे विसरून चालणार नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की थुंकीची तपासणी करा हा नियम बीपीच्या पेशंटलाही लागू आहे. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मरणं, खोकल्यातून रक्त, यातलं काहीही असेल तर गोळीचा विचार बाजूला ठेवून आधी ती तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, एक्स-रेसुद्धा सांगतात.

हृदयाचा खोकला वेगळा असतो. आडवं पडल्यावर नुसती ढास नाही तर दम घुटमळतो, उठून बसावं लागतं, दोन-तीन उशा लागतात, पाय सुजतात, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढतं, कधी फेसाळ गुलाबीसर बेडका पडतो. असं असेल तर हे डॉक्टरांकडे त्याच दिवशी जाण्याचं काम आहे, आणि दम फार लागत असेल तर थेट हॉस्पिटल. दम्यात छातीत शिट्टी वाजते. ॲसिडिटीच्या खोकल्यात जेवून लगेच आडवं झाल्यावर त्रास, तोंडात आंबट पाणी. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांना आणि विडी-सिगारेटवाल्यांना सकाळी कफाचा खोकला असतो. एकाच माणसाला यातली दोन कारणंही असू शकतात, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा, आपलं काम माहिती पूर्ण देणं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे घरातल्या सगळ्यांनी वाचा. प्रिल घेणाऱ्या माणसाचे ओठ, जीभ, डोळ्यांभोवतीचा भाग किंवा घसा अचानक सुजला, आवाज बदलला, गिळता येईना, तर तो साधा खोकला नाही आणि साधी ॲलर्जीही नाही. हे क्वचित होतं, हजारात एक ते सात जणांना, पण यात श्वासाचा मार्ग बंद होऊ शकतो. पुढची गोळी घ्यायची नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठा आणि तिथे पहिलं वाक्य हे सांगा की पेशंट प्रिलची गोळी घेतो. अशा माणसाने पुन्हा आयुष्यात कुठलीही प्रिल घ्यायची नसते. ही सूज गोळी सुरू करून वर्ष उलटल्यावरही येऊ शकते.

पायरी ५: गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांकडे जायला उशीरही नको

इथवर वाचून झालं की हात आपोआप स्ट्रिप कचऱ्यात टाकायला जाईल, माझाही गेला होता. पण गोळी बंद केली की खोकला थांबायच्या आधी बीपी वर जाईल, आणि ज्यांना ती हृदयासाठी दिलीय त्यांचं तर नुकसान आणखी मोठं. फोन करून अपॉइंटमेंट घ्या, दोन-चार दिवसांत भेटा, तोवर गोळी चालू ठेवा. (ओठ-जीभ सुजली तर मात्र वर लिहिलंय ते, तिथे पुढची गोळी नाही. आणि गोळी चालू असताना दिवस राहिले असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण प्रिल आणि सार्टन दोन्ही गरोदरपणात बाळाला घातक आहेत.)

डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण पाल्हाळ लावतो आणि मुद्दा राहून जातो. ओपीडीत बाहेर तीस माणसं बसलेली असतात, मिळतात पाच मिनिटं. म्हणून मी एका कागदावर लिहून नेलं आणि तेच वाचून दाखवलं: "डॉक्टर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईची एनालाप्रिल सुरू झाली, ऑगस्टच्या मध्यापासून कोरडा खोकला आहे, रात्री जास्त, ताप नाही, कफ नाही, वजन तेवढंच आहे, एक्स-रे नॉर्मल आहे, ॲन्टिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. हा खोकला गोळीचा असू शकतो का आणि गोळी बदलता येईल का?" बस, एवढंच. डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला, छाती तपासली, आणि मान हलवून लगेच चिठ्ठी बदलली. प्रश्न विचारायला आम्हाला पाच महिने लागले, उत्तर मिळायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

नेताना सोबत काय न्यायचं तर सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या-भरलेल्या स्ट्रिप्स (नुसती नावं सांगू नका), खोकल्यासाठी घेतलेल्या बाटल्यांचे फोटो, घरच्या बीपीचे आकडे आणि आधी किडनीची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट.

पायरी ६: बदली गोळी कुठली, आणि तिथे काय चुकतं

दुसरी प्रिल दिली तर सहसा खोकला तसाच राहतो, एनालाप्रिलच्या जागी रॅमिप्रिल हा बदल नव्हे. बहुतेक वेळा डॉक्टर सार्टन गटात नेतात. या गोळ्या त्या एन्झाइमला हात लावत नाहीत, ॲन्जिओटेन्सिन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवतात, त्यामुळे ब्रॅडिकायनिन आपल्या वेळी मोडून जातं. पहिली सार्टन म्हणजे लोसार्टन, अमेरिकेत तिला १९९५ मध्ये परवानगी मिळाली. २००८ मध्ये ऑनटार्गेट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, २५ हजारांवर हृदयाचा धोका असलेल्या लोकांवर, त्यात टेल्मिसार्टन रॅमिप्रिलइतकीच कामाची ठरली, आणि खोकल्यामुळे औषध सोडावं लागलं ते रॅमिप्रिलवाल्यांत ४.२ टक्के तर टेल्मिसार्टनवाल्यांत १.१ टक्के. त्यातही सुरुवातीच्या चाचणीत ज्यांना औषध सोसलं नाही ते आधीच गळले होते, म्हणून हे आकडे नेहमीपेक्षा कमी दिसतात.

टेल्मिसार्टन ही आता आपल्याकडे सगळीकडे मिळणारी गोळी आहे, जनऔषधीच्या दुकानात स्वस्तात मिळते, टेल्मा हे नाव तर पुष्कळांच्या ओळखीचं असेल. कुणाला अॅम्लोडिपिन देतात, कुणाला आणखी काही, ते वय, डायबिटिस, किडनी, हृदय बघून डॉक्टर ठरवतात, शेजारच्याची गोळी बघून आपण ठरवायचं नाही.

आता चुकतं कुठे ते सांगते. नवीन गोळी आली तरी जुनी अर्धी स्ट्रिप घरात असते आणि वाया जायला नको म्हणून माणूस दोन्ही घेतो. प्रिल आणि सार्टन एकत्र घेऊ नका. त्याच ऑनटार्गेटमध्ये दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना फायदा जास्त झाला नाही, उलट बीपी फार उतरणं आणि किडनीचा त्रास वाढला. जुनी स्ट्रिप त्याच दिवशी डब्यातून काढा. ज्या घरात आठवड्याचा गोळ्यांचा डबा आधीच भरून ठेवतात त्यांनी तर सगळे कप्पे उपडे करून परत भरावेत.

गोळी बदलल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी सांगतात ती टाळू नका. प्रिल काय किंवा सार्टन काय, दोन्हींनी पोटॅशियम वाढू शकतं. म्हणून बीपीसाठी चांगलं म्हणून जे लो सोडियम मीठ आणतात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. किडनीच्या पेशंटने नारळपाण्याचंही विचारून घ्यावं.

पायरी ७: धीर धरा, पण मोजून

गोळी बदलली आणि उद्या सकाळी खोकला गेला असं होत नाही. बहुतेकांचा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिन्यांपर्यंत लागतात. आईचं पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही आणि ती म्हणायला लागली, "अगं, ही पण गोळी तसलीच आहे." नवव्या-दहाव्या दिवशी पहिल्यांदा ती रात्रभर सलग झोपली, आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्या लक्षात आलं की दुपारपासून घरात खोकल्याचा आवाजच आलेला नाही.

तोवर कॅलेंडरवर रोज एक खूण करा, रात्री किती वेळा उठावं लागलं तेवढा आकडा पुरे. चार आठवड्यांनी आकडा उतरत नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे, मग दुसरं कारण शोधायचं. आकडा हळूहळू उतरत असेल तर वाट बघा.

याच काळात बीपी घरी मोजा कारण नवीन गोळी लागू पडतेय का ते कळायला हवं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून, सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा. खोकल्याची उबळ येऊन गेल्यावर लगेच मोजू नका, वर दाखवेल. घरचं बीपी सारखं १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना कळवा.

तोवर खोकल्यावर काय घ्यायचं आणि काय नाही

कोमट पाणी घोट घोट, मिठाच्या गुळण्या (पाणी थुंकून टाकायचं), डायबिटिस नसेल तर चमचाभर मध, याने घशाला बरं वाटतं, खोकला जात नाही पण रात्र निघते.

ज्येष्ठमध मात्र नको. खोकला म्हटला की आपल्या घरी पहिल्यांदा ज्येष्ठमधाची काडी तोंडात देतात, गाणाऱ्या माणसांच्या तर पिशवीतच असते, आणि आईने त्या पाच महिन्यांत ती रोज चघळली. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी धरून राहतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं, हे पक्कं माहीत असलेलं आहे. बीपीच्या माणसाने रोज ज्येष्ठमध घेणं म्हणजे एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचं काम मोडायचं. तयार काढ्यांच्या आणि गोळ्यांच्या पाकिटावरही हे नाव शोधा, यष्टिमधु असं लिहिलेलं असतं. सितोपलादीत निम्म्याहून जास्त खडीसाखर असते हे डायबिटिसवाल्यांनी लक्षात ठेवा.

मेडिकलमधून स्वतःहून घेतलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधात फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल तर त्यानेही बीपी वाढतं. खोकून बरगड्या दुखतात म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, प्रिल-सार्टनबरोबर त्याने किडनीवर भार येतो आणि बीपीही वाढतं, त्यासाठी कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा. मेडिकलवाल्याला नुसतं "खोकल्याचं औषध द्या" म्हणू नका, "बीपीची प्रिल चालू आहे, खोकला आहे" असं म्हणा, चांगला फार्मासिस्ट असेल तर तोच तुम्हाला थांबवेल.

पायरी ८: लिहून ठेवा

खोकला गेला की आपण विसरतो, आणि चार वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या दवाखान्यात, नवीन डॉक्टर चांगल्या हेतूने पुन्हा रॅमिप्रिल लिहून देतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. काही जणांना पुन्हा दिल्यावर खोकला येत नाही हेही खरं आहे आणि हृदयासाठी फारच गरज असेल तर डॉक्टर विचार करून तसं करतातही, पण ते माहीत असून करणं वेगळं.

अशा त्रासाची नोंद सरकारकडेही करता येते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम आहे, त्याचा फुकट फोन १८००-१८०-३०२४, पेशंट किंवा घरचं माणूसही कळवू शकतं. गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख, त्रास कधी सुरू झाला, कधी गेला एवढं हाताशी ठेवून फोन करायचा, म्हणजे पायरी २ चा कागद इथे पुन्हा उपयोगी पडतो.

आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने लिहिलंय, "एनालाप्रिल जुलै ते जानेवारी, तिने खोकला, गोळी बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात बंद." तेच वाक्य तिच्या पर्समधल्या कार्डावर आणि बाबांच्या मोबाइलमध्ये. मार्चमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा त्याच भूलतज्ज्ञांनी फाइल उघडली, ते वाक्य वाचलं, आईकडे बघून विचारलं, "आजी, खोकला?" आणि तिने हसून नुसती मान हलवली, नाही म्हणून.